भरल्या बाटल्यांची चोरी

१

बाटल्या जागेवर होत्या, भरलेल्या होत्या, बुचांवरचं मेणसुद्धा शाबूत होतं. तरी चोरी झाली अशी फिर्याद होती. लोणावळा ठाण्याचे फौजदार भिमाजी काळोखे यांनी आजवर कोंबड्यांपासून रेल्वेच्या रुळांपर्यंत सगळ्याच्या चोऱ्या पाहिल्या होत्या. पण बाटलीतलं पाणी तसंच ठेवून त्यातला कस तेवढा काढून नेणारा चोर त्यांना प्रथमच भेटत होता. आणि तो चोर, सगळ्यांच्या मते, त्यांच्याच कोठडीत बसला होता.

साल १९७८, माघ महिना. काळोखे धाकट्या मुलीचं लग्न उरकून रजेवरून परतले, तेव्हा हवालदार केरबानं प्रकरण निकालात काढून टाकलं होतं. खंडाळ्याला घाटाच्या कडेवरच्या एका बंगल्यात डॉ. चंद्रिका देवस्थळी यांची प्रयोगशाळा होती. तिथं उंदरांची देखभाल करणारा सावळा, मागच्या ठाकरवाडीतला पोरगेला गडी. त्याच्या झोपडीत प्रयोगशाळेची चिठ्ठी लावलेली एक रिकामी बाटली सापडली. केरबाला एवढं पुरे होतं. शनिवारी सावळाची पोलीस कोठडी संपणार, त्याला वडगावच्या कोर्टात उभं करायचं आणि तिथून त्याची रवानगी येरवड्याला, असा केरबाचा हिशेब होता.

ठाण्याच्या पायरीवर सावळाची आई चिमाबाई बसून होती. काळोख्यांना पाहून ती उठली.

"सायेब, माझ्या लेकानं काय चोरलं, तेवढं तरी सांगा. आठ दिस झालं, ह्यो हवालदार सांगंना."

काळोख्यांनी केरबाकडे पाहिलं.

"प्रोटीन, साहेब," केरबा म्हणाला. "औषध असतंय ते एक."

"कसलं औषध?"

केरबानं टोपी काढून डोकं खाजवलं. फिर्याद त्यानंच लिहून घेतली होती, पण आत काय लिहिलं ते त्यालाही उमगलं नव्हतं.

"मावशी, मला एक दिवस द्या," काळोखे म्हणाले. मनातून त्यांना स्वतःच्या ठाण्याची लाज वाटली. चोरलेली वस्तू काय हे ठाऊक नसताना माणूस आत टाकलेला त्यांनी आपल्या ठाण्यात तरी पाहिला नव्हता.

कोठडीत सावळा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"बाटली कुठून आणलीस?"

"उकिरड्यावर टाकायच्या बाटल्यांतली व्हती सायेब. रिकामी. म्हनलं चिमनी करू, घरात उजेड न्हाई."

"आणि बंगल्यात काम काय करतोस?"

"उंदरांना दानापानी. पिंजरं धुनं. बाई सांगत्यात तवा उंदरं कापून गळ्याखालच्या गाठी काडून द्येतो. संगं काम करनारं निवृत्तीभाऊ रक्ताला शिवत न्हाईत, म्हनून ते माझ्याकडं." तो जरा थांबला. "सायेब, समदी म्हनत्यात मी बाटलीत पानी घातलं. पन बाटली उघडल्याबिगर पानी घालायचं कसं?"

काळोख्यांनी हा प्रश्न वहीत टिपून घेतला. ते सरळ खंडाळ्याला निघाले.

२

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, उभट चेहऱ्याच्या, बोलायला तुटक होत्या. फौजदार आपलं काम समजून घ्यायला आलाय यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग बसला, तेव्हा मात्र त्या भडाभडा बोलू लागल्या.

"मेंदूत, पाठीच्या कण्यालगत, सगळीकडे चेतापेशी असतात. एका पेशीचं टोक दुसरीवर जाऊन टेकतं. त्या सांध्यातून निरोप पुढे जातो. हुकूम वरून खाली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तुमचं काम?"

"उलट्या वाटेचं. पेशीचं दूरचं टोक जिथं पोचतं, तिथून ते एक प्रथिन उचलतं आणि मागं, थेट मुळाकडं नेतं. ते पोचलं की पेशी तगते. एवढंच नाही, तिच्यावर जे दुसऱ्या पेशींचे सांधे येऊन टेकलेले असतात, तेही टिकतात. ते प्रथिन यायचं बंद झालं, की सांधे एकेक करून सुटायला लागतात."

"म्हणजे खालच्यानं वरच्याला पोचवायचं, आणि नाही पोचलं तर वरच्याची बाकीची ओळखदेखही तुटायची," काळोखे म्हणाले. "आमच्या खात्यातही काही गोष्टी अशाच चालतात, बाई."

डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या.

हे प्रथिन त्या नर उंदरांच्या जबड्याखालच्या गाठींतून काढत. मादीच्या गाठीत ते फारच थोडं निघतं. शेकडो उंदीर, तीन वर्षांची मेहनत, आणि हातात एक मोठी बाटली. तिच्यातला थेंब खारट पाण्यात पुष्कळ पातळ करून छोट्या बाटल्या भरायच्या. मग उंदराच्या मानेतली एक नस, म्हणजे चेतापेशींच्या टोकांची जुडी, तोडायची. तिथल्या पेशींना टोकाकडून येणारं प्रथिन बंद झालं, की त्यांच्यावरचे सांधे सुटतात. पण छोट्या बाटलीतलं औषध तिथं टोचत राहिलं तर ते टिकतात.

"पहिल्या खेपेला अगदी लख्ख दिसलं. सांधे टिकले. म्हणून तोच प्रयोग पुन्हा केला आणि सगळ्यावर पाणी पडलं. औषध टोचलेले उंदीर आणि नुसतं पाणी टोचलेले उंदीर यांच्यात काडीचा फरक नाही. मग मी बाटल्याच तपासल्या."

"त्या कशा तपासतात?"

"अंड्यातल्या कोवळ्या पिल्लाच्या कण्यालगतची एक बारीक गाठ काढायची आणि औषधात ठेवायची. औषध खरं असेल तर एका दिवसात गाठीला चहूबाजूंनी तंतू फुटतात. छोट्या बाटल्यांत एकही तंतू फुटला नाही. आत नुसतं पाणी आहे, फौजदार."

"मेण?"

"शाबूत होतं. पण मेण वितळवून पुन्हा लावता येतं. बाटल्या ज्या कपाटात असतात तिथं पिंजऱ्यांच्या खोलीतूनच जावं लागतं. आणि त्याच्या घरी बाटली सापडली." त्यांनी चष्मा पुसला. "मला वाईट वाटतं. पण दुसरं कोण?"

"बाई, आणि ती मोठी बाटली? तीही पाणी झाली?"

"नाही ना. ती तपासली मी. पूर्वीइतकीच जोरदार आहे."

"ती कुठं असते?"

"त्याच कपाटात. त्याच फळीवर."

काळोख्यांनी ती फळी जाऊन पाहिली. तीन वर्षांचा ऐवज एका बाटलीत भरून हाताशी ठेवलेला, आणि चोरानं तो सोडून शेजारचं पातळ पाणी तेवढं पळवलं होतं.

३

बंगल्यात आणखी दोघंजण होते. पहिले पद्माकर ओगले, बाईंचे सहायक संशोधक. पुण्याचे, तरुण, केसांना तेल नाही आणि बोलण्याला लगाम नाही. परदेशात जागा मिळवायच्या खटपटीत होते आणि बाई शिफारस देत नाहीत म्हणून धुसफुसत होते. कपाटाची एक किल्ली पिंजऱ्यांच्या खोलीत खिळ्याला असे, दुसरी त्यांच्याकडे होती.

"मीच चोर, असं लिहून टाका," ओगले म्हणाले. "पण मग मला मूर्ख चोर म्हणू नका. मी मोठी बाटली खिशात घातली असती आणि थेट विमानात बसलो असतो. ही पातळ बाटली नेऊन काय तिचं तीर्थ घेऊ?"

"सावळाबद्दल तुमचं मत?"

"गरीब आहे. अंडी आणतो, उंदीर सांभाळतो. बाईंच्या पुढं मान वर करत नाही."

"आणि निवृत्ती?"

ओगले हसले. "देवमाणूस. माझ्याशी मात्र बोलत नाही. दिवाळीनंतर कधीतरी मी थोडी थट्टा केली, तेव्हापासून अबोला धरलाय. मी सगळ्यांचीच करतो हो. त्याला लागली."

काळोख्यांनी हे ऐकलं आणि मागच्या अंगणात गेले. निवृत्ती गराडे हातपंपावर कोपरापर्यंत हात धूत होता. इंदुरीचा शेतकरी, चाळिशी उलटलेली, गळ्यात तुळशीची माळ. जेवणाचा डबासुद्धा तो आत न खाता अंगणातल्या जांभळीखाली बसून खाई. बाईंकडे तो सुरुवातीपासून होता.

"छोट्या बाटल्या कोण भरतं?"

"पयल्या खेपंला बाईंनी भरल्या. मंग त्यांच्या पुन्याच्या खेपा वाढल्या. दुसऱ्या खेपंपासून मी भरतो."

"बाईंनी शिकवलं तसंच?"

निवृत्तीनं पंच्यानं हात पुसले. बोटं कोरडी झाली तरी तो पुसतच राहिला.

"पान्याचं माप त्येच. औषधाचा थेंब त्योच. माळेची आन घिऊन सांगतो सायेब, एक थेंब कमी न्हाई का जास्त न्हाई."

"मेण?"

"मीच लावतो. माझ्यामागं कुनी उघडलं आसतं तर मला कळलं आसतं. न्हाई उघडलं कुनी."

काळोखे चमकले. सगळं बालंट सावळावर आलेलं, आणि हा माणूस स्वतःच्या तोंडानं सावळाला सोडवत होता. पण तसं करताना तो संशय आपल्याच गळ्यात ओढून घेतोय, हे त्याला कळत होतं की नाही?

"हे तू केरबाला का नाही सांगितलंस?"

"त्यानं इचारलं न्हाई," निवृत्ती म्हणाला आणि पंचा झटकून आत गेला.

४

शुक्रवारी सकाळी काळोखे ठाण्यात आले तेव्हा सावळा भाकरी आणि मेथीची भाजी खात होता. ठाण्यातली भाकरी अशी नसते. डबा पितळी होता, आणि वर धुतलेलं फडकं होतं.

"चिमामावशीनं आणलं?"

"न्हाई, साहेब," केरबा म्हणाला. "तो बंगल्यातला माळकरी देतोय रोज. सकाळच्या गाडीनं येतो, डबा माझ्या हातात ठेवतो आणि खंडाळ्याला जातो. आत बघतसुद्धा नाही. मीच म्हटलं, अहो चार शब्द बोला त्याच्याशी, तर पळालाच."

काळोखे खुर्चीत बसले. केरबानं आणलेल्या चहावर साय आली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

सगळ्यांनी हे प्रकरण कपाटाकडून बघितलं होतं. किल्ली कुणाची, वाट कुठून, आत कोण शिरलं. बाईंनी तर आपल्या तोंडानं उलटी वाट समजावून दिली होती, मग त्याच वाटेनं जाऊन का बघू नये? टोकाला उंदीर. त्याला टोचलं ते पाणी निघालं. त्याच्या मागं छोटी बाटली, तिच्यातही पाणीच. त्याच्या मागं मेण. ते कुणी उघडलं नाही, असं मेण लावणाराच सांगतो, आणि तसं सांगून त्याचं नुकसानच आहे, म्हणजे ते खरं. मेणाच्या मागं राहिलं बाटली भरणं. आणि त्याच्याही मागं मोठी बाटली, ती जोरदार. तेव्हा कस गेला तो मोठ्या बाटलीतून थेंब निघाल्यावर आणि मेण लागायच्या आत. त्या वेळी तिथं निवृत्तीखेरीज कुणी नसे.

मग निवृत्तीनं चोरलं? ज्याच्या हातात मोठी बाटली, तो थेंब कशाला चोरील? शिवाय माळेची आण घेऊन तो माणूस खोटं बोलेल असं काळोख्यांना वाटेना. काळोखेही त्याच मुलखातले, अशी माळकरी माणसं त्यांच्या घरात होती. थेंब पडला, पाणी पडलं, आणि तरी कस गेला. निवृत्तीनं सांगितलं ते सगळं खरं होतं. मग त्यानं सांगितलं नाही असं काय होतं?

काळोखे उठले. "केरबा, तो डबा घासून ठेव. मी खंडाळ्याला जातोय."

प्रयोगशाळेत त्यांनी बाईंना एकच गोष्ट मागितली.

"तुम्ही स्वतः छोटी बाटली भरत होतात, तशी एक माझ्यापुढं भरा. काही गाळू नका."

बाईंना हा पोरखेळ वाटला, पण त्या उभ्या राहिल्या. स्वच्छ बाटली घेतली. खारट पाणी मोजून घातलं. मग कपाटाच्या खालच्या फळीवरचा एक पत्र्याचा डबा उचलला, आणि उचलता उचलता त्यांचा हात थांबला. डबा जड होता. झाकणाभोवतीची कारखान्याची चिकटपट्टी तशीच होती.

"आधीचा संपला म्हणून हा डबा मी दिवाळीच्या आधी मुंबईहून आणला," त्या हळू म्हणाल्या. "आतापर्यंत अर्धा संपायला हवा होता."

"काय आहे त्यात?"

"अल्ब्युमिन. पांढरी पूड. पाण्यात चिमूटभर घालायची, औषधाच्या थेंबाच्या आधी." त्या स्टुलावर बसल्या. "फौजदार, हे प्रथिन काचेला चिकटतं. मोठ्या बाटलीत ते इतकं आहे, की काचेनं थोडं धरलं तरी कळत नाही. पण पातळ केलं, की जेवढं आहे तेवढं सगळं काच धरून ठेवते आणि पाण्यात काही उरत नाही. म्हणून ही पूड. ती आधी काचेला बसते आणि औषधाला पाण्यात राहू देते."

"मोठ्या पातेल्यात चमचाभर तूप घातलं तर ते पातेल्यालाच लागून राहतं, तसं?"

"तसंच."

"म्हणजे माल घराबाहेर गेलाच नाही. अजून काचेलाच आहे." काळोख्यांनी डबा हातात घेतला. "ही पूड कशाची असते, बाई?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आधीच दारातून ओगल्यांचा आवाज आला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"गाईच्या रक्ताची," ते म्हणाले. "मीच निवृत्तीला सांगितलं. थट्टेत. तो डबा उघडायला बसला होता. मी म्हटलं, माळ काढून ठेवा बरं का बुवा, गोमातेचं रक्त आहे."

५

निवृत्तीला बोलावलं. टेबलावरचा डबा पाहूनच तो समजला.

"घालवंना झालं," तो म्हणाला. "हात डब्याकडं जाईना. वाटलं, चिमूटभर पुडीनं काय आडतंय? खरं औषध तर घालतोच हाये."

"मला का नाही सांगितलंस?" बाईंचा आवाज चढला. "मी तुला जबरदस्ती केली असती का?"

"न्हाई, बाई. पन तुमी म्हनला आसता, ह्याच्याच्यानं काम हुयाचं न्हाई. ते बी खरंच आसतं." त्यानं माळ मुठीत धरली. "उंदरांवर गुन येईना, तवाबी मला उमगलं न्हाई. मंग तुमी बाटल्या तपासल्या आन म्हनला, आत पानी हाये. तवा वाटलं, ह्ये त्या पुडीपायीच. सांगायला आलो, तर केरबा सावळाला घिऊन चाललेला."

"तेव्हा सांगायचं होतंस!"

"कुनी इचारलं न्हाई."

"सावळाला भाकरीचा डबा कुणी मागितला होता?" काळोखे म्हणाले. "तो न मागता पोचवत होतास की."

निवृत्ती खाली बसला.

काळोख्यांना कोर्टापुढं न्यायला पुरावा हवा होता. तो बाईंनी सुचवला. मेण लावलेल्या बाटल्यांतल्या एकीतलं पाणी त्यांनी ओतून टाकलं, तिचा तळ कापून काढला आणि त्या काचेवर अंड्यातल्या पिल्लाची गाठ ठेवली. शेजारी कोऱ्या बाटलीचा तसाच तळ, तशीच गाठ. औषधाचा थेंब कुठंच घातला नाही. कस खरोखर काचेला असेल तर गाठ तो तिथून घेईल.

शनिवारी सकाळी काळोखे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभे होते. कोऱ्या काचेवरची गाठ गोळ्यासारखी पडलेली होती. जुन्या काचेवरच्या गाठीतून मात्र तंतू निघाले होते, बारीक, दाट, सगळीकडून, काचेवर पसरत गेलेले. काळोख्यांना त्यातलं शास्त्र कितपत कळलं कुणास ठाऊक, पण त्यांना फार आनंद झाला आणि तो त्यांनी लपवला नाही.

"मिळाला माल," ते म्हणाले. "फिर्याद मागं घ्या, बाई, आणि माझ्याबरोबर चला. मला आणखी एक विचारायचंय, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. बाटल्या निवृत्तीनं भरल्या हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी सावळाचंच घर का धुंडाळायला लावलंत?"

बाई कपाटाला कुलूप लावून निघाल्या. गाडीत बसल्यावर, लोणावळ्याचं फाटक आल्यावर त्या म्हणाल्या, "त्याच्या गळ्यात माळ होती. म्हणून त्याच्यावर शंका घेणं मला सुचलंच नाही." निवृत्ती मागच्या सीटवर बसून हे ऐकत होता.

ठाण्यात कोर्टासाठीचा अहवाल लिहून झाल्यावर केरबानं कोठडीचं कुलूप काढलं. सावळा बाहेर आला, उजेडानं डोळे बारीक करून उभा राहिला. चिमाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याला घट्ट धरून ठेवलं.

"सावळा, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तुझी जागा तुझीच आहे. सोमवारपासून ये."

सावळानं आईकडं पाहिलं. "बगतो," एवढंच म्हणाला.

निवृत्ती दाराशी उभा होता. काळोखे मुद्दाम बाजूला सरकले. शेवटी तो स्वतः पुढं आला. पूड कसली, ती का घातली नाही, गप्प का बसलो, त्यानं सगळं सांगितलं, काही राखलं नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून थांबला. सावळा आता शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं केरबाला वाटलं आणि तो सावरून उभा राहिला.

सावळा मात्र कोड्यात पडल्यासारखा निवृत्तीकडं बघत होता.

"म्हंजी ती पुडी घालायला कुनी न्हवतं, म्हनून मी आत बसलो?"

"व्हय."

"भाऊ, उंदरं तुमच्यासाठी मीच कापीत व्हतो न्हवं? मी तर शेजारच्या खोलीतच व्हतो. हाक मारायची व्हती. मी घातली आसती."

निवृत्तीला रडू आवरेना. चिमाबाईनं लेकाचा हात धरला आणि दोघं ठाण्याची पायरी उतरून ठाकरवाडीच्या वाटेला लागली.